बाणकोट बुल्सचे पहिले पाच सामने

शनि., ४ ऑक्टो.

०–१७. पाचव्या इनिंगनंतर अंपायरने सामना थांबवला. बेसबॉलमध्ये दयेचा नियम असतो म्हणे. फरक फारच वाढला की खेळ आवरता घेतात. दयेवर संपलेला सामना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि तो नेमका आपल्या माणसांचा निघाला.

अन्वर परकारने बोलावलं म्हणून गेलो. अन्वर बाणकोटचा. शारजाच्या औद्योगिक भागात त्याचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, माझी त्याची ओळख एकवीस वर्षांची. त्याचे बारा कामगार, सगळे बाणकोटच्या खाडीच्या या नाही तर त्या काठावरचे. या बारा जणांचा त्याने संघ काढला आणि नाव ठेवलं बाणकोट बुल्स. बाणकोटला मासे असतात. बुल्स कुठून आणले, विचारलं तर म्हणाला, टी-शर्टवर बैल चांगला दिसतो.

बेसबॉलच का? क्रिकेटच्या लीगमध्ये इथे शेकड्याने संघ, हे दरवर्षी पहिल्या फेरीत बाहेर. "इथे सहाच संघ आहेत, सर. फार फार तर सहावे येऊ." महत्त्वाकांक्षेची ही पातळी.

आजचं एकच दृश्य लिहून ठेवतो. समीर मुकादमने अख्ख्या सामन्यात पहिल्यांदा चेंडूला बॅट लावली. चेंडू दोघांच्या मधून लांब गेला. समीर जागेवर उभा. हात वर करून समोर ओरडला, "नो, नो." समोर कोणी नव्हतं. पलीकडे भिडू नसतो या खेळात. पहिल्या बेसवर त्याला आरामात बाद केला. जे दोघे धावले ते हातात बॅट घेऊन धावले आणि बेसपाशी पोचल्यावर ती क्रीजमध्ये टेकवतात तशी जमिनीला टेकवली.

मी काय काय ओरडलो ते आठवत नाही. रेवा गाडीत म्हणाली, "बाबा, यू आर सो लाउड. पीपल वेअर लुकिंग ॲट अस, नॉट द मॅच." सतरा-शून्यच्या सामन्यात लोकांनी बघायला दुसरं होतं काय?

सोम., ६ ऑक्टो.

दुबईच्या टोकाला, डीआयपीतल्या ऑफिसातून सुटल्यावर घरी न जाता सरळ वर्कशॉपवर. चांगलं खडसावायचं म्हणून गेलो होतो. पण अन्वरने आधी चहा दिला आणि मग खरं सांगितलं.

नव्या संघाला लीगवाले पाच सामने देतात. पाचात एक जिंकायचा. नाही जिंकला तर त्याची जागा जाते, रांगेत फिलिपिनोंचा एक संघ उभा आहे. दुसरी गोष्ट, वर्कशॉपच्या जागेचा करार जूनमध्ये संपतोय आणि जागामालक वाढवणार नाही. बारा माणसं बारा ठिकाणी जाणार. कोणी अजमान, कोणी अबुधाबी.

"वर्कशॉप गेलं तरी शनिवार राहील, सर. टीम असली तर सगळे शनिवारी येतील."

मी चहा संपवला. मग राग आला. इतकी मोठी गोष्ट टांगायची आणि ती या अकरा-बारा बेशिस्त माणसांच्या खांद्यावर? नव्या बॅटचा दर त्याने मोठ्याने सांगितला, दोनशे ऐंशी दिरहम, म्हणजे पावणेसात हजार. बॅटला लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सोडून कचऱ्यात टाकली. तीस वर्षं व्यासपीठावरून ज्या गोष्टीविरुद्ध बोललो ती माझ्या डोळ्यांसमोर बॅटला लटकणार नाही.

गुरु., ९ ऑक्टो.

नियमांचं पुस्तक दोन बैठकांत संपवलं. कंटाळवाणं गद्य, पण तर्क पक्का. आज वर्कशॉपवर चाळीस मिनिटं बोललो. बारा जण उलट्या ठेवलेल्या एसीच्या खोक्यांवर बसले होते. क्रिकेटने तुमच्या डोक्यात काय काय भरून ठेवलं आहे आणि त्यातलं काय काय फेकून द्यायचं, ते क्रमाने सांगितलं. बॅट टाकून धावा. चेंडू लागला की धावावंच लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, झेल घेतला म्हणजे चेंडू मेला असं नाही. झेल झाल्याबरोबर बेसवरचा माणूस सुटू शकतो, तीन बेस फिरून घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पोचला तर धाव. म्हणून झेल घेतला की ताबडतोब चेंडू आत फेका. हे तीनदा सांगितलं. माना डोलल्या. बोलणं उत्तम झालं, माझं मलाच कळत होतं.

घरी विद्येला सांगितलं. ती अमरावतीची, लग्नाआधी विद्यापीठाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळायची. कॅचर होती, बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून चेंडू धरणारी. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"सांगून नाही येत ते. हाताला यावं लागतं."

मी म्हटलं, आधी डोक्यात जातं, मग हातात उतरतं. तिने चिरलेली भाजी कढईत टाकली. वाद न घालता जिंकायची तिची पद्धत मला कधीच आवडलेली नाही.

शनि., ११ ऑक्टो.

२–१३. समोर जपानी ऑफिसवाले. हरलेल्यांनाही वाकून नमस्कार करतात, त्यामुळे जास्तच लागतं.

धावा दोन, त्याही त्यांच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, चुकीने. आपल्या पोरांचे चेहरे मात्र असे की जणू आपण कमावल्या. दुसऱ्या धावेनंतर नाच. अकराने मागे असताना नाचणारा समाज काय घडवणार?

अन्वर स्वतः पिचर. एक्कावन्न वर्षांचा, गुडघ्याला पट्टा. पाचव्या इनिंगमध्ये त्याने सलग तिघांना बाद केलं. एवढं एक सोडलं तर लिहिण्यासारखं काही नाही.

रवि., १२ ऑक्टो.

शारजात रोल्ल्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. तिथे समीर भेटला, खोबरं निवडत होता. इकडचं तिकडचं बोलला, मग नजर चुकवत म्हणाला की पोरं म्हणतात, सर आले की टीम दबते. मी म्हटलं, दबते म्हणजे? तो आणखी खाली बघून म्हणाला, "पनवती नाय म्हणत सर, तसं कोणी नाय म्हणत."

म्हणजे तसंच म्हणतात.

मी तिथेच, कोथिंबिरीच्या ढिगापुढे, त्याला कार्यकारणभाव समजावला. मी आलो आणि तुम्ही हरलात यावरून मी आलो म्हणून तुम्ही हरलात हे सिद्ध होत नाही. मी नव्हतो तेव्हा तुम्ही जिंकलात असा एक तरी सामना दाखव. तो म्हणाला, असा सामनाच झाला नाही सर, तुम्ही दोन्हींना होतात. त्याच्या या उत्तरात, मान्य करतो, दम होता.

ठरवलं. पुढच्या सामन्याला जाणार नाही. प्रयोग म्हणून.

शनि., १८ ऑक्टो.

घरी बसलो. ४–६.

दोनच धावांनी. अन्वरच्या फोनमध्ये मागून पोरांचा असा आवाज की कोणाला वाटावं जिंकले. कोणीतरी ओरडत होतं, "सरांना सांगा, सरांना सांगा." काय सांगायचं होतं ते कळण्याइतकी अक्कल मला आहे.

एका सामन्याने काहीही सिद्ध होत नाही. हे मी रात्रीच्या जेवणात विद्येला आणि रेवाला सविस्तर सांगितलं. रेवा म्हणाली, "ओके, बट इट्स अ डेटा पॉइंट." शाळेत हे शिकवतात.

रवि., १९ ऑक्टो.

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी कार्यक्रम, वक्ता मी. विषय दिला होता 'पराभवातून उभारी'. विषय ज्याने काढला त्याला पराभवाची चव माहीत नसावी. अध्यक्षांचं लक्ष फराळाच्या टेबलाकडे, पहिल्या रांगेतल्यांचं फोनमध्ये. तरीही पंचेचाळीस मिनिटं सभागृह हातात ठेवलं.

ते ठेवलं कसं, हेही लिहायला हवं. बाणकोट बुल्सवर ठेवलं. समीरचं "नो, नो", जमिनीला टेकवलेली बॅट, सतरा-शून्य, बैल. हशावर हशा. मागच्या रांगेत अन्वर बसला आहे हे मला दिसलं तेव्हा निम्मं झालं होतं. थांबलो नाही. सभा रंगात आली की थांबता येत नाही, हे कारण नव्हे, पण तसं झालं.

बाहेर तो भेटला. हसला. छान बोललात म्हणाला. दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, विद्येची चौकशी केली. गाडीचं दार उघडताना म्हणाला, "सर, सतरा-शून्य सांगितलंत. दुसऱ्या मॅचला पाचव्या इनिंगला सलग तीन आउट काढले ते नाही सांगितलंत."

नाही सांगितलं. त्यावर कोणी हसलं नसतं.

शुक्र., २४ ऑक्टो.

उद्या चौथा सामना. जाणार. अन्वरला तसं कळवलं, "वेलकम सर" एवढंच उत्तर. पोरांना नको असेल तर नको असू दे. एक बिनबुडाची समजूत माझ्या गैरहजेरीने पक्की होत असेल तर हजर राहणं हे माझं काम आहे. उद्या मी तिथे असताना ते जिंकतील आणि खलास.

विद्या म्हणाली, मीही येते. आतापर्यंत एकदाही आली नव्हती.

शनि., २५ ऑक्टो.

५–६.

जिंकलेला सामना. हातात असलेला, जिंकलेला सामना.

शेवटची, सातवी इनिंग. समोर शाळांतल्या अमेरिकन शिक्षकांचा संघ, बॅटिंग त्यांची. आपण ५–४ ने पुढे. त्यांचे दोघे बेसवर, तिसऱ्या आणि दुसऱ्या. अन्वरने टाकला, त्यांच्या धिप्पाड माणसाने हाणला, चेंडू डावीकडे आकाशात. समीर मागे मागे पळत गेला, कुंपणापाशी आडवा झेपावला आणि घेतला. असा झेल मी मैदानावर बसून कधी पाहिला नव्हता. आम्ही सगळे उठलो, मी ओरडलो, "खलास, जिंकलो." समीरने उठून चेंडू हवेत उंच उडवला. क्रिकेटमध्ये उडवतात तसा. सगळे त्याच्याकडे धावले, मिठ्या, एक जण त्याच्या पाठीवर चढला. चेंडू मागे गवतात पडला, त्याकडे कोणी बघेना. मैदानाच्या मध्ये एकटा अन्वर हात पसरून "बॉल, बॉल" करत उभा.

एकच बाद होता आधी. झेल धरून दोन. तीन बाद झाल्याशिवाय इनिंग संपत नाही, सामना संपलेला नव्हता. तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरी आला. दुसऱ्यावरचा धावत आला. पोरं अजून मिठ्या मारत होती.

चाळीस मिनिटं. तीनदा. खोक्यांवर बसवून. काय डोलत होत्या त्या माना? या माणसांना सांगणं म्हणजे वाळूवर पाणी ओतणं. वीस वर्षं इथे काढतील, भाषा चार बोलतील, आणि झेल घेतला की गल्लीतल्या टेनिस बॉलवर परत जातील. अन्वरची मला दया येते. त्याने स्वतःचा शनिवार कोणाच्या हातात दिला आहे ते त्याला कळत नाही.

 

रवि., २६ ऑक्टो.

सकाळी विद्येने चहा ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं.

"तुम्ही ओरडलात ते त्याने ऐकलं."

मी म्हटलं, तीसेक माणसं ओरडत होती. ती म्हणाली, तीस माणसं जल्लोष करत होती, खलास जिंकलो असं एकच माणूस म्हणाला, आणि तो आवाज कुंपणापर्यंत जातो. समीर खाली पडलेला होता, पाठ मैदानाकडे. त्याला काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. सामन्यानंतर बाकावर त्याने अन्वरला तेच सांगितलं: सरांचा आवाज आला, म्हटलं संपली. विद्या तिथेच उभी होती.

मी काल रात्री जे लिहिलं ते आता परत वाचलं. खोडत नाही. राहू दे तसंच.

नियम मला पाठ होता. त्या क्षणी किती बाद होते ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरज वाटली नाही. झेल दिसला आणि माझ्या अंगातला मिरजेच्या मैदानावरचा पोरगा उठून ओरडला. त्या बारा जणांच्या आणि माझ्या डोक्यात तसूभर फरक नव्हता. फरक आवाजात.

आणि गंमत बघा, पोरांचं म्हणणं खरं ठरलं. सर आले आणि हरलो. कार्यकारणभावासकट.

सोम., २७ ऑक्टो.

वर्कशॉप. समीर एका एसीखाली आडवा होता, बाहेर फक्त पाय. मी त्या पायांशी बोललो. काय बोलायचं ते गाडीत ठरवून आलो होतो, तीन वाक्यं. दहा मिनिटं झाली तरी बोलतच होतो. जबाबदारी, सार्वजनिक जीवन, शब्दाचं वजन. मध्ये मध्ये खालून "हां सर".

शेवटी तो सरकत बाहेर आला, हात पुसले.

"आवाज तुमचा होता सर. पण बॉल माझ्या हातात होता."

मग हळू आवाजात सांगितलं, त्याला पार अबुधाबीच्या पलीकडे, रुवैसला नोकरी मिळते आहे. शनिवारी हरलो तर जातो. टीम राहिली तर इथेच कुठेतरी बघेन. अन्वरभाईला आत्ता सांगू नका.

मी सांगणार नाही. हे एक वाक्य मला गिळता येईल.

मंगळ., २८ ऑक्टो.

विद्या गेली. मला विचारलंही नाही, फक्त म्हणाली पाचला सोडा मला तिकडे. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत बारा जण उभे केले. ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः बॅट घेऊन एकामागून एक चेंडू आकाशात. झेल, फेक. झेल, फेक. झेल घेऊन जो हसला त्याला पार गेटपर्यंत पळवलं. समीर तीनदा पळाला. चौथ्यांदा चेंडू हातात आला आणि गेला, मध्ये काही नाही.

तासाभरात तिच्या तोंडून चार शब्दांपेक्षा लांब वाक्य निघालं नाही. "परत." "खांदा वापर." "बघू नकोस, फेक." एका जाड्या पोराने विचारलं, वहिनी, तुम्ही कुठे शिकलात? म्हणाली, अमरावतीला. संपलं.

मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभा. बावीस वर्षांत मी तिला त्या खेळाविषयी एक प्रश्न विचारलेला नाही. मी वक्ता. सगळ्या विषयांवर माझं मत आहे.

घरी येताना विचारलं, खेळणं का सोडलंस? म्हणाली, "आत्ता का विचारताय?" सिग्नल सुटला.

गुरु., ३० ऑक्टो.

अन्वरचा फोन. शेवटचा सामना कोरियन संघाशी, ते चारपैकी दोन जिंकलेत. वहिनींना बाकावर बसायला सांगितलंय, लीगच्या कागदावर कोच म्हणून नाव घातलंय. मग म्हणाला,

"सर, तुम्ही पण या. पण बोलायचं नाही."

मी म्हटलं, टाळ्या?

"शेवटी."

म्हटलं, पोरांना मी नको असेन तर येत नाही. तो म्हणाला, पोरांना विचारलं नाही, मला तुम्ही पाहिजेत. "मंडळात तुम्ही बोललात ते मी घरी नाही सांगितलं सर. या शनिवारी जे होईल ते सांगेन."

फोन ठेवल्यावर खूप वेळ चिडलो होतो. कोणावर ते ठरवता आलं नाही.

शनि., १ नोव्हें.

मैदान. सकाळी सव्वासात. तोंड बंद ठेवायचं तर हाताला काम हवं, म्हणून वही आणली. विद्या बाकावर, टोपी अन्वरची. रेवा शेजारी.

पहिली इनिंग. ०–२. समीर पाणी प्यायला येऊन गेला, माझ्याकडे बघितलं नाही.

दुसरी. २–२. मी जीभ चावून बसलोय, अक्षरशः. रेवा: "बाबा, ब्रीद."

तिसरी. ३–५. दुसऱ्या बेसवरच्या आपल्या माणसाची चूक. पूर्वी यावर तीन वाक्यं लिहिली असती. त्याचं नाव फारूक. दोन मुली आहेत. दिवसाला चौदा एसी धुतो. हे मला आज रेवाने सांगितलं.

चौथी. ५–५. शेजारी कोरियन बायका टिफिन उघडून बसल्यात, आम्हाला केळी दिली. त्यांच्यातली एक माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडते. इतक्या सामन्यांत मला कोणी केळं दिलं नव्हतं.

पाचवी. ५–८. अन्वरचा गुडघा. दोनदा खाली बसला. विद्या आत गेली, काहीतरी म्हणाली, दोन शब्द असावेत. तो उठला.

सहावी. तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस, एक बाद, चेंडू डावीकडे उंच. मी वहीत बघत होतो. मुद्दाम. रेवाने हात घट्ट धरला. वर बघितलं तर समीरने झेल घेऊन फेकलेला, सरळ कॅचरच्या हातात, तिसऱ्यावरचा माणूस जागचा हलला नाही. कोणी नाचलं नाही. विद्येने मान हलवली, एकदाच.

सातवी, आपली शेवटची. ७–८. दोन धावा काढल्या, कशा ते नंतर. दोन बाद. फारूक दुसऱ्यावर, आणखी एक तिसऱ्यावर, दोघे घरी आले तर जिंकलो. बॅटिंगला समीर.

पहिला चेंडू, हुकला.

दुसरा, बॅटला लागून मागे गेला, तोही हुकलाच धरतात, आणि तीन हुकले की बाद. आता एकच.

अंपायरकडे हात करून समीर बाजूला झाला. हातमोजा सारखा करतोय. बाकाकडे बघत नाही, विद्येकडे नाही. स्टँडकडे बघतोय. माझ्याकडे. रेवा म्हणते, "बाबा, ही इज लुकिंग ॲट यू." दिसतंय मला. बाकावरून अन्वरही इकडे बघतोय, आणि हाताने काही सांगत नाही. समीरला माझा आवाज हवाय, की मी गप्प आहे एवढी खात्री करून घेतोय, चेहऱ्यावरून कळत नाही. तो अजून उभाच आहे.

पेन ठेवतो.